बरणीतली सिलिका

परचुरे काका,

तुमच्या फोटोला हार होता, उदबत्ती लावलेली होती आणि काकू माझ्यासमोर चहाचा कप ठेवत होत्या. मी समाचाराला आले होते. अशा घरी कसं वागायचं ते आईने बस येईपर्यंत शिकवलं होतं. फार बोलू नकोस, त्या जेवल्या का विचार, रडू आलं तर रड. भांडावंसं वाटलं तर काय करायचं, ते तिने सांगितलं नव्हतं. तिला तरी काय कल्पना.

काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांचं सगळं लक्ष तुझ्या त्या वाळूत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा पहाटे उठून कॉलेजात. मी म्हटलं, अहो, आज तरी राहू द्या. तर म्हणे, चार बरण्या भाजून ठेवतो, म्हणजे मी येईपर्यंत पोरीचं अडायचं नाही."

मी विचारलं, "कसली वाळू, काकू?"

"अगं, ती पांढरी. तुझ्या यंत्रात भरतात ती. रोज सहाला जाऊन ओव्हनमध्ये लावून ठेवायचे ना. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपण काहीतरी बोलून गेलो असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. मी ते खाल्लं नाही. तुमच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही तुमची तीच भुवई वर चढलेली होती. आणि मला, खरं लिहिते, रडू आलं नाही. राग आला.

विभागाच्या वार्षिकात तुमच्यावर दोन पानं लिही, असं माझ्या मार्गदर्शक जगताप मॅडमनी मला सांगितलं आहे. जन्म कुठला, कारखान्यात बॉयलरवर किती वर्षं होते, निवृत्तीनंतर आमच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायला कसे आले, ते दुसरं कुणीतरी लिहील. स्वभाव मनमिळाऊ, असंही लिहील. तुम्ही मनमिळाऊ नव्हता. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि ज्यांनी आपलं यंत्र पाहिलेलं नाही त्यांनाही हे भांडण समजावं म्हणून थोडं मागचं सांगावं लागेल. काही चुकलं तर सुधारायला तुम्ही नाही. तेही रागाचंच कारण धरा.

आपण संत्र्याच्या सालीचं तेल वेगळं करत होतो. त्या तेलात बहुतेक सगळं लिमोनीन असतं. ते हवेने लवकर खराब होतं, आणि त्यात खरा सुगंध फारसा नसतो. सुगंध असतो थोड्याशा दुसऱ्या द्रव्यांत. त्यांतलं आपण मोजायचो ते लिनालूल. तेल तापवून ही दोन वेगळी करायला गेलं तर सुगंधच बिघडतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड. एकतीस अंशांच्या वर नेऊन चौऱ्याहत्तर बारच्या वर दाबला की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. पुस्तकात त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "वायूसारखा फटीतून शिरतो आणि द्रवासारखं सगळं विरघळवून घेऊन बाहेर पडतो. आमच्या शेजाऱ्यांसारखा."

मी हसले नाही. हसायचं असतं की वहीत लिहायचं असतं, मला कळलं नाही. मी लिहून घेतलं. ती वही अजून आहे. त्यात 'शेजारी' हा शब्द आहे.

मग अधिशोषण. मी त्याची व्याख्या पाठ करून आले होते. घडाघडा म्हटली. तुम्ही म्हणालात, "पाठांतर झालं. आरती झाली. आता सांग, म्हणजे काय?" मला सांगता येईना. आमच्या घरात मी पहिली कॉलेजात गेलेली. पाठ करणं मला येतं, कारण पाठ केलेलं कुणी हिसकावून घेत नाही. तुम्ही मला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलंत आणि तिथल्या बाकड्याकडे बोट दाखवलंत.

"स्पंज पाणी पितो ते शोषण. हे ते नव्हे. माणूस बाकात मुरत नाही, बाकावर बसतो. आपली सिलिका, नळीत भरतो ती पांढरी वाळू, म्हणजे हे बाकडं. लिमोनीन हे घाईतलं गिऱ्हाईक, उभ्या उभ्या चहा पिऊन जातं. लिनालूल बूड टेकतं. लिमोनीन सगळं गेलं, की मग दाब वाढवायचा आणि या बसलेल्याला उठवायचं. बास. एवढीच तुझी एम.एस्सी."

मी विचारलं, "पण काका, बाकावर आधीच कुणी बसलेलं असलं तर?"

तुम्ही चहा फुंकत होता. म्हणालात, "बाक रिकामा ठेवायचं काम माझं. तू चहा पी."

तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की मला ओरडावंसं वाटतं. मी विचारलं होतं, काका! नेमका तोच प्रश्न, पहिल्याच आठवड्यात. सिलिका हवेतलं पाणी घेते, तो बाक पाण्याने भरतो, मग लिनालूलला जागा उरत नाही आणि ते लिमोनीनबरोबरच बाहेर पडतं. म्हणून वापरण्याआधी ती दीडशे अंशांना चार तास भाजायची आणि हवा न लागता गार करायची. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही रोज पहाटे उठून ते केलंत, गुपचूप, आणि मी साडेदहाला पोचायच्या आत घट्ट झाकणाची काचेची बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. तिच्यावर माझं नाव लिहिलेली चिकटपट्टी होती. मला वाटायचं, सिलिका कंपनीकडून येते ती अशीच येते.

एकदा बरणी कोमट लागली होती. मी म्हटलं, "काका, ही गरम का?" तुम्ही म्हणालात, "उन्हात होती." त्या खोलीला पश्चिमेची एकच खिडकी आहे. सकाळी अकराला तिथे कुठलं ऊन? मी एवढाही विचार केला नाही. तुम्ही सांगितलंत म्हणजे तसंच असणार, असं धरून चालले. ही माझी चूक, मान्य आहे. आणि ओव्हन उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या दारावर तुमच्या अक्षरातली पाटी होती: 'येथे जेवणाचे डबे गरम करू नयेत. केल्यास आतील रसायनांसह जेवावे.' ती पाटी लागल्यापासून कुणी त्या दाराला हात लावला नसेल.

तुमच्यावर सरळ रागावताही येत नाही, हा आणखी त्रास. मध्येच दुसरं काहीतरी आठवतं.

आप्पा साली घेऊन आले तो दिवस आठवतो. माझे वडील मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यांवर हमाली करतात. तिथल्या रसवाल्यांकडून त्यांनी पोतंभर साली गोळा केल्या आणि कामावरून तसेच, अंगावरच्या कपड्यांनिशी, पोतं पाठीवर घेऊन कॉलेजच्या गेटवर आले. वॉचमन म्हणाला, "ओ मामा, कचरा आत नेता येणार नाही." मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. खाली जावं की नाही, माझं ठरत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते. माझ्या आधी तुम्ही गेलात.

"कचरा कुणाला म्हणता? हे आमचे पुरवठादार आहेत. सोडा त्यांना."

आप्पांनी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या. तुम्ही म्हणालात, "अहो, घाला त्या. इथे देव नाही, काचा आहेत." मग तुम्ही त्यांना सगळं यंत्र दाखवलंत. सिलिंडर, पंप, पोलादी नळी, दाबाचा काटा. बर्फात ठेवलेल्या दोन काचेच्या नळ्या त्यांच्या नाकाशी धरल्यात. पहिलीला सालीचा कच्चा, उग्र वास. दुसरीला फुलासारखा.

आप्पा म्हणाले, "सालीत येवढं हाय व्हय?"

"आहे ना. तुम्ही इतकी वर्षं पाठीवरून वाहिलंत, त्यातलं लोक फेकून देतात ते हे."

त्यानंतर आठवडाभर आप्पा गाळ्यावर सगळ्यांना सांगत होते, "माझी पोरगी वास येगळा करती." काका, त्यासाठी मी तुमचे उपकार कसे विसरू? विसरत नाही. पण उपकार आहेत म्हणून राग नसावा, असं कुठे आहे?

आणि ती रिंग. माझा तिसरा की चौथा रन असेल, म्हणजे यंत्राची एक पूर्ण फेरी. संपल्यावर मी झडप भसकन उघडली, कारण मला सव्वापाचची बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाची रबरी रिंग तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. तिला फोड आले होते, भाजल्यासारखे. "दाब असताना वायू रबराच्याही आत जाऊन बसतो. सावकाश सोडलास तर निघून जातो, कुणाला त्रास नाही. एकदम सोडलास तर आतल्या आत फुगतो आणि फाडून बाहेर येतो. दाब उतरवायला पाऊण तास. बस चुकली तर चुकू दे." मी रडवेली झाले होते, कारण रिंग परदेशातून मागवावी लागणार होती. तुम्ही खिशातून दुसरी काढलीत. "तुझ्यासारखे पुष्कळ बघितलेत. एक जादा ठेवतोच."

म्हणजे शिकवायचं तेव्हा तुम्ही शिकवत होता. रिंग शिकवलीत, दाब शिकवलात, झडपेला चिंधीने न पकडता पान्याने पकडायचं शिकवलंत. मग सिलिकाच का नाही?

काकूंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पण म्हटलं होतं, अहो, पोरीला सांगा, ती लावेल ओव्हन. तर म्हणाले, ती धायरीहून दोन बस बदलून येते, त्याआधी घरचं सगळं करते. सांगितलं की उद्यापासून सहाला दारात उभी राहील. आणि दुपारी दोनशे बारपुढे पेंगेल. पेंगणारं माणूस नको मला तिथे."

पेंगले असते कदाचित. खरंच असते. पण ते मी ठरवायचं होतं, काका. तुम्ही नाही.

आमच्याकडेही हेच चालतं. मी बारावीत होते तेव्हा आप्पांच्या कमरेचा पट्टा मला दोरीवर वाळत घातलेला दिसला. वर्षभर ते पाठ दुखत असताना पट्टा आवळून ओझी उचलत होते. मला सांगायचं नाही, असं आईला बजावलं होतं, अभ्यासात लक्ष लागणार नाही म्हणून. मला सगळं मागाहूनच कळतं. मी ज्यावर उभी असते ते कुणीतरी धरलेलं आहे, हे तो माणूस खाली बसल्यावर कळतं. घरात निदान ते आईवडील. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

आता जूनमधली ती दुपार. माझे अकरा रन झाले होते. अकराही चांगले. लिमोनीन आधी, मध्ये स्वच्छ सपाट जागा, मग दोनशे बारला लिनालूल. दोन डोंगर आणि मध्ये दरी, असा आलेख. मी प्रकल्पाची कार्यपद्धती लिहायला घेतली होती आणि तुम्हाला वाचून दाखवत होते. एक वाक्य असं होतं की सिलिका कंपनीकडून आली तशीच वापरली. तुम्ही नट आवळत होता. पाना थांबला. मला तो थांबलेला आठवतो. तुम्ही म्हणालात, "हे वाक्य राहू दे आत्ता. त्यावर बोलू नंतर."

मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलंय. घरी जाऊन मी त्या वाक्यातली क्रियापदं तीनदा बदलली.

कधी बोलणार होता, काका? 'नंतर' म्हणजे कधी?

जुलैत तुमचं ऑपरेशन झालं. गणपतीपर्यंत परत येतो म्हणालात. जाताना कपाटातल्या चार बरण्या दाखवल्यात, "यातली वापर." वापरल्या. चारही रन छान झाले. पाचव्या वेळेला बरण्या रिकाम्या होत्या. सिलिकाचा मोठा डबा खालच्या कप्प्यात होता, झाकण जरा सैल. मी त्यातली काढून तुमच्याच बरणीत भरली, माझ्या नावाच्या पट्टीसकट, आणि रन लावला.

दोन्ही एकत्र बाहेर पडली. दरी नाही. एकच बुटका, पसरट डोंगर.

मी सगळं तपासलं. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे बघितले. सिलिंडर बदलला. तापमान दोन अंशांनी कमी करून पाहिलं. आप्पांना नव्या साली आणायला लावल्या. नळी पुन्हा भरली, हळूहळू ठोकत, तुम्ही दाखवलं होतं तशी. सहा रन. सहाही तसेच. दोन्ही नळ्यांना सारखाच वास. मी त्या घरी नेल्या नाहीत, पण आप्पा विचारायचे, "आज झालं का येगळं?" आणि मी म्हणायचे, "होतंय."

ऑगस्टमध्ये मॅडमनी सगळे आलेख टेबलावर पसरले. जगताप मॅडम वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं होतं, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये एवढी काळजी घेतली होती.

"सिलिका वाळवतेस ना?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. पण जूनमध्येही वाळवली नव्हती."

"नक्की?"

"नक्की. कार्यपद्धतीत लिहिलंय तसं."

"मग तो फरक नाही." त्यांनी तो मुद्दा खोडला. बघा काका, मी खरं बोलले आणि ते खोटं होतं. खरं कारण माझ्याच तोंडाने खोडलं गेलं. मग त्यांनी चष्मा काढला. "रेश्मा, मी एकदाच विचारते. आधीचे पंधरा रन असे आणि आता एकही नाही. जूनचे आकडे तू बनवलेस का?"

गप्प बसणं म्हणजे कबुली, हे मला माहीत होतं, तरी तोंड उघडेना. आमच्यासारख्यांवर संशय लवकर येतो, की मलाच तसं वाटतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून जिन्यात कुणी हसलं तरी ते मला हसतायत असं वाटायचं. मॅडमनी पंधरा दिवस दिले. तोवर एकदा तरी ते पुन्हा होऊन दाखव, नाहीतर विषय बदलून नव्याने सुरुवात. म्हणजे आणखी एक वर्ष. आप्पांच्या पट्ट्यावर आणखी एक वर्ष.

त्या संध्याकाळी घरी मी सांगून टाकलं. आप्पा जेवत होते. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, "चुकलं आसंल तर चुकलं म्हन. चुकलं नसंल तर हालू नगंस." एवढंच. मग आईला म्हणाले, "वाढ तिला."

आणि त्याच आठवड्यात, काका, मी तुम्हाला भेटायला आले होते. दवाखान्यात, चार ते सहाच्या वेळात. या भेटीबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या नाकात नळी होती. हात इतका हलका झाला होता की पान्याची सवय असलेला हात तो वाटेना. मी येताना ठरवून आले होते की सगळं विचारायचं. आलेखांची गुंडाळी पिशवीत होती. काकू बाहेर डॉक्टरांशी बोलत होत्या. तुम्ही डोळे उघडलेत.

"या बाईसाहेब. दाब सावकाश उतरवतेस ना?"

"हो काका."

"कसं चाललंय?"

मी तुमच्याकडे पाहिलं आणि गुंडाळी पिशवीतच ठेवली. म्हटलं, "मस्त चाललंय. एकदम स्वच्छ येतंय."

"बरणीतली पुरतेय ना?"

"पुरतेय. भरपूर आहे."

तुम्ही डोळे मिटलेत. तोंडावर समाधान दिसलं. मला वाटलं, चला, एवढं तरी बरं केलं आपण.

हे मी आता शंभरदा आठवून पाहिलंय. तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या पद्धतीने का होईना, आडवळणाने का होईना, तुम्ही दार उघडलं होतंत, आणि ते मी लावून घेतलं. तुम्हाला त्रास नको म्हणून! जे तुम्ही माझ्याशी केलंत, तेच मी तुमच्याशी केलं. म्हणून राग नुसता तुमच्यावर काढता येत नाही. तो फिरून माझ्याकडेच येतो, आणि त्याचाही मला राग येतो.

तीन दिवसांनी तुम्ही गेलात. दहाव्या दिवशी मी काकूंकडे आले, आणि पुढचं मी वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कॉलेजात होते. पहिल्या बसला बसायला जागा मिळते, हे मला नव्याने कळलं. वॉचमन म्हणाला, "परचुरे साहेबांची वेळ घेतलीत वाटतं." त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, काका, वॉचमनला, काकूंना, फक्त जिचं काम तिला नाही. तुमची पाटी बाजूला न करता मी ओव्हन उघडला. आतल्या ताटलीच्या कडेला पांढरे कण चिकटलेले होते. थर्मामीटरवर दीडशेच्या रेघेला तुम्ही लाल नेलपॉलिश लावलं होतं. काकूंचं असणार. त्या लाल ठिपक्याजवळ मात्र मला रडू आलं. मग सिलिका ताटलीत पसरली, दार लावलं, आणि चार तास तिथेच स्टुलावर बसून राहिले. पेंगले नाही.

दुपारी दोन डोंगर आले. मध्ये दरी. दुसऱ्या नळीला फुलाचा वास.

मी तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, किती अंश, किती तास, आणि तुला कुणी सांगितलं. मी म्हटलं, काकूंनी. "काकूंचा संदर्भ देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "करून दाखव. तीन वेळा भाजून, तीन वेळा न भाजता. आलटून पालटून. आणि मी स्वतः सहाला येऊन बसणार." बसल्या. सहा दिवस थर्मासमधून चहा आणला, मलाही दिला. भाजलेल्या सिलिकावर तिन्ही दिवस वेगळं झालं, न भाजलेल्यावर तिन्ही दिवस एकत्र पडलं. शेवटच्या दिवशी त्यांनी आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले. "जूनचे आकडे ठेव," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "मी विचारलं, ते मला विचारावंच लागलं. पण तू बोलायचं होतंस गं." बोलायचं होतं. हे सगळेच आता मला सांगतात.

कार्यपद्धतीतलं ते वाक्य मी बदललं. आता असं आहे: सिलिका रोज सकाळी दीडशे अंशांना चार तास भाजून वापरली, पहिल्या पंधरा रनसाठी हे काम श्री. परचुरे यांनी केले. विद्यार्थिनीला त्याची कल्पना नव्हती.

मॅडमनी शेवटच्या तुकड्यावर काट मारली. "तुझं अज्ञान छापायची गरज नाही."

मी म्हटलं, "मॅडम, पण घडलं ते तसंच."

"परीक्षक हसतील."

"हसू देत."

मी इतकं ठाम कुणाशी बोलले नव्हते. मी हलले नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. वाक्य राहिलं आहे. ते जितकं तुमच्या मानासाठी आहे तितकंच तुमच्यावरची तक्रार म्हणूनही आहे. तुम्हाला ते आवडलं नसतं. त्यावर आपण भांडलो असतो, आणि ते भांडण मला हवं होतं.

न भाजलेल्या सिलिकाचे आलेख फेकून द्यायचे नाहीत, असं मॅडम म्हणतात. प्रबंधात दोन्ही शेजारी शेजारी छापायचे. एका चित्रात तुम्ही आहात, दुसऱ्यात नाही. इतकं उघड दिसतं ते.

राग अजून आहे. तो मी पाऊण तासात उतरवणार नाही, त्याला वेळ लागेल. एकदम सोडला तर काय होतं, ते तुम्ही माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं होतंत.

पण त्या खाटेशी मी रोज जाते, काका. मनातल्या मनात. चार वाजलेले असतात, काकू बाहेर असतात, आणि या वेळी आलेखांची गुंडाळी मी पिशवीतून आधीच काढलेली असते. तुम्ही डोळे उघडता. बाईसाहेब म्हणता. दाबाचं विचारता. मग ते विचारता.

नाही काका. बरणीतली पुरली नाही. मी डब्यातली भरली, आणि आता दोन्ही एकत्र बाहेर पडतायत. काय करू, सांगा.